टाकाचं रेखाचित्र बघायचं कसं?

टाकाचं बारकाईनं काढलेलं रेखाचित्र हातात आलं की बहुतेकांची नजर आधी देवाच्या तोंडावर जाते. डोळे कसे आलेत, मिशी कशी आलीय एवढं बघायचं, 'झकास काढलंय' म्हणायचं आणि कागद खाली ठेवायचा. पण जुन्या टाकावर तोंड हाच सगळ्यात जास्त झिजलेला भाग असतो. चित्रकाराला तिथं दिसलेलं असतं सगळ्यात कमी. आणि चित्रात नेमक्या तिथंच सगळ्यात जास्त रेघा असतील, तर त्या रेघा आल्या कुठून? हा प्रश्न तुम्हाला सुचायला लागला की चित्र बघता यायला लागलं म्हणायचं. तिथवर कसं पोचायचं ते पायरीपायरीनं सांगतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांना टाक म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. तरी शिकायला पुण्याला आणि नोकरीला बंगळूरला गेलेल्या पोरांसाठी थोडक्यात सांगून टाकतो. टाक म्हणजे देवघरातला देवाचा छोटा उठावाचा पत्रा. बहुतेक वेळा पुढून चांदी आणि मागं तांबं. खंडोबा, जोतिबा, भवानी, यल्लम्मा, कुळाचा एखादा वीर, अशी घरोघरची पंगत ठरलेली असते. रोजची पूजा वेगळी, पण नवरात्रात आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीच्या आधी हे देव विड्याच्या पानावर बसतात, तेव्हा खरं लक्ष जातं त्यांच्याकडे. हल्ली चित्रकलेची पोरं आणि हौशी मंडळी घरचे टाक काढून ठेवू लागली आहेत. चांगलं चाललंय. फक्त बघणाऱ्यांची तयारी कमी पडते.

१. देव नंतर, आधी मापपट्टी

टाक लहान वस्तू आहे. दोन-तीन बोटं रुंद, थोडा जास्त उंच. चित्रात मात्र तो वहीच्या पानाएवढा असतो आणि आपण नकळत तो तेवढाच मोठा समजतो. म्हणून चित्राच्या खाली किंवा बाजूला सेंटिमीटरची मापपट्टी काढलीय का ते आधी बघा. 'दुप्पट आकार' असं नुसतं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. झेरॉक्स काढली, फोटो काढून मोबाईलवर पाठवला, की ते शब्द तसेच राहतात आणि चित्र लहान-मोठं होतं. पट्टी चित्राबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून तिचं माप कधी बिघडत नाही.

पट्टी सापडली की एक सोपा हिशेब करा. पट्टीवरचा १ सेंमी कागदावर ४ सेंमी भरत असेल तर चित्र चौपट आहे. म्हणजे चित्रात ६ मिमीचा दिसणारा देवाचा डोळा प्रत्यक्षात दीड मिमीचा. दीड मिमीत पापणी, बुबुळ आणि काजळाची रेघ वेगवेगळी दाखवली असेल, तर एक तर कारागीर फार मोठा, नाही तर चित्रकारानं पदरचं घातलंय. कुठलं खरं ते इतक्यात ठरवू नका. नुसती खूण करून पुढं चला.

पट्टीच नसेल तर? मग ते सजावटीचं चित्र समजून बघा, भिंतीवर लावा. त्यावरून टाकाबद्दल काही ठरवायला जाऊ नका.

२. उजेड कुठून येतोय?

उठावाची वस्तू काळ्या शाईत काढताना उजेड वरून, डावीकडून येतोय असं धरायचा सर्वसाधारण रिवाज आहे. त्यामुळे उंच भागाच्या उजव्या आणि खालच्या बाजूला सावली पडते आणि त्या बाजूची बाह्यरेषाही जरा जाड असते. चित्रात हे सगळीकडे सारखं पाळलंय का ते तपासा. घोड्याच्या पोटाखाली सावली उजवीकडे आणि देवाच्या मुकुटाला मात्र डावीकडे, असं असेल तर चित्रकारानं दोन वेगवेगळ्या फोटोंवरून काम केलेलं असू शकतं.

आता एक गंमत करून बघा. चित्र उलटं धरा, डोकं खाली पाय वर. उठलेला देव क्षणात आत गेलेला दिसायला लागेल, साच्यात खड्डा असावा तसा. आपल्या डोळ्याला उजेड वरूनच येतो अशी सवय असते, त्याचा हा परिणाम. ज्या चित्रात हा पालट पटकन आणि सगळीकडे एकदम होतो, त्या चित्रातली छाया नीट बांधलेली आहे. अर्धा देव आत आणि अर्धा बाहेर असं दिसलं, तर सावल्या अंदाजानं टाकल्यात.

उठाव वाचायची सवय धातूवर लावून घेणं अवघड जातं, कारण धातू चमकतो आणि चमक फसवते. दगडावर शिका. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, १२०४ सालचं, रट्ट राजांच्या काळातलं. सकाळी किंवा दिवस कलताना जा. तिरप्या उन्हात कोरीवकामाची प्रत्येक पातळी वेगळी दिसते, आणि तेच काम भर दुपारी बघितलं तर सपाट वाटतं. ते दोनदा बघितलं की चित्रकार टाकाजवळ बॅटरी आडवी धरून का बसतो हे कुणी समजावून सांगायला नको.

३. काळं कशानं झालंय?

ही पायरी लहान आहे, पण इथं भले भले फसतात. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळी पडते. पुसताना उंच भाग उजळतात आणि खोलगट भागात काळपटपणा बसून राहतो. त्यात कुंकू, हळद, भंडारा, दुधातुपाचा थर. म्हणजे टाकावरचा गडद भाग तीन कारणांनी गडद असू शकतो: तिथं खोली आहे, तिथं चांदी काळवंडली आहे, किंवा तिथं वर्षानुवर्षांचं कुंकू आहे. नुसता फोटो समोर ठेवून काढणारा तिन्हींना एकच काळी रेघ देतो.

जाणता चित्रकार ठिपक्यांतून किंवा रेघांतून फक्त खोली दाखवतो आणि बाकीचं शब्दांत लिहितो. 'कपाळाच्या खोबणीत कुंकवाचा थर' अशी बारीक अक्षरातली नोंद चित्राच्या कडेला दिसली तर त्या माणसाला मनातून एक नमस्कार करा. त्यानं वस्तू हातात घेऊन, निदान नाकाजवळ नेऊन बघितलेली आहे.

ठिपके आणि रेघा यांतही फरक आहे. गोलाईचा, हळूहळू उतरणारा भाग ठिपक्यांत चांगला येतो. रेघांची छाया असेल तर त्या रेघा आकाराबरोबर वळायला हव्यात: घोड्याच्या पुठ्ठ्यावरून जाणारी रेघ पुठ्ठ्यासारखीच गोल फिरली पाहिजे. सरळसोट आडव्या रेघा मारल्या असतील तर घोडा पत्र्यातून उठतच नाही, कितीही काळा केला तरी.

४. कड आणि पाठ

नुसतं समोरचं चित्र म्हणजे अर्धं काम. चांगल्या कागदावर शेजारी एक चिंचोळी आकृती असते, टाक मधोमध उभा कापला तर कडेनं कसा दिसेल ती. नवख्या माणसाला ती रटाळ वाटते. मला विचाराल तर सगळ्या कागदावर हीच जागा सगळ्यात बोलकी.

ती बघायची तर टाक घडतो कसा याची थोडी कल्पना हवी. सोनार चांदीचा पातळ पत्रा घेतो, ठशावर ठोकून आकार उठवतो. ठोकता ठोकता धातू ताठर होतो, म्हणून मधेमधे तापवून मऊ करावा लागतो. मग राळेवर बसवून पुढून पोलादी कलमांनी बारकावे काढतो: डोळे, माळ, लगाम. शेवटी मागं तांब्याचा पत्रा. पत्रा जिथं जास्त उठवला तिथं तो ताणला जाऊन पातळ होतो. देवाचं नाक, घोड्याची छाती, देवीचा गुडघा या त्या जागा. जुन्या टाकाला पहिलं भोक इथंच पडतं.

कडेच्या आकृतीत हे सगळं दिसतं. पुढची चांदीची रेघ वर उठलेली, मागची तांब्याची रेघ सरळ, मधे पोकळी. पोकळी नसून सगळं भरीव काळं दाखवलं असेल तर तो ओतीव असायला हवा. ओतीव काम आपल्या भागाला नवं नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचा लेप देऊन, मेण वितळवून धातू ओतायची रीत सांगितली आहे. ओतीव वस्तू जड आणि तिच्या कडा जाडसर. ठोकीव हलकी, कडा पातळ. समोरच्या चित्रात दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो त्या चिंचोळ्या आकृतीतच.

पाठीचं चित्र असेल तर तांब्यावर डाग, डाख देऊन (वितळलेल्या धातूनं) सांधल्याच्या खुणा, एखादं ठसठशीत अक्षर बघा. नसेल तर नसेल. पण धातू कुठला हे मात्र लिहिलेलं हवंच. बाजारात जर्मन सिल्व्हरचे टाक भरपूर मिळतात, आणि त्या मिश्रधातूत नावापुरतीसुद्धा चांदी नसते. काळ्या शाईला चांदी आणि जर्मन सिल्व्हर सारखंच.

५. देव कोणता?

आता देवाकडे या. चित्राखाली नाव लिहिलेलं असलं तरी ते हातानं झाका आणि स्वतः ओळखायचा प्रयत्न करा. सीमाभागात हा सराव फार उपयोगी पडतो, कारण एकच देव निपाणीत खंडोबा, पलीकडच्या कानडी घरात मैलार किंवा मल्लय्या. चित्रकार ज्या भाषेतला, तसं नाव पडतं. त्यावरून भांडू नका. भांडायला दुसरे विषय आहेत आपल्याकडे. टाकावरचं कुत्रं दोन्ही भाषांत तेच असतं.

कुत्र्यापासूनच सुरुवात करा. घोड्यावरचा देव दिसला की 'खंडोबा' म्हणून मोकळं होण्याची घाई असते. पण जोतिबाही घोड्यावर, भैरोबाही काही घरांत घोड्यावर, आणि कुळातला लढाईत पडलेला वीरही घोड्यावर. खंडोबाच्या टाकात साधारणपणे घोड्याच्या पायाशी कुत्रं असतं, देवासोबत घोड्यावर म्हाळसा असते आणि खाली मणी किंवा मल्ल दैत्य पडलेला असतो. हात चार असतील तर खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र शोधा. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची आयुधंही जवळपास अशीच, त्यामुळे नुसत्या हातांवरून निकाल लावू नका. घोड्यावर एकटाच देव, पायाशी कुत्रं नाही, शेजारी बायको नाही, तर जोतिबाचा विचार करा. दोनच हात, एकात तलवार, दुसऱ्यात लगाम किंवा ढाल, असा स्वार असेल तर तो वीराचा टाक असण्याची शक्यता धरा आणि घरच्या थोरल्या माणसाला विचारा. ते उत्तर कागदावर सापडायचं नाही.

देवींचं जास्त अवघड. सिंह आणि महिषासुर दिसले तर भवानी ओळखता येते. पण सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का यांचे टाक घरोघर वेगळ्या वळणाचे दिसतात, आणि कित्येकदा देवी कुठली हे टाक नव्हे, तर देव्हाऱ्यातली तिची जागाच सांगते. म्हणून चांगल्या चित्राच्या कडेला 'घरात अमुक नावानं पुजली जाते' अशी नोंद असते. ही नोंद चित्रकाराच्या विद्वत्तेपेक्षा मोलाची.

वरच्या दोन कोपऱ्यांत बघा. एका बाजूला गोल सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर असते बऱ्याच टाकांवर. तीच जोडी आपल्याकडच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, आणि शिलालेखांच्या माथ्यावर दिसते. चंद्रसूर्य आहेत तोवर हे टिको, हा तिचा अर्थ. घाईत काढणारे हे दोघे सजावट समजून सोडून देतात किंवा दोन्हीकडे सारखी फुलं काढून ठेवतात. कोपऱ्यात नुसती फुलं दिसली तर मूळ टाकाचा फोटो मागायला लाजू नका.

६. झीज बघा

इथं थोडं थांबायला सांगेन. मी चांगलं चित्र आणि नुसतं सुबक चित्र वेगळं करतो ते याच एका गोष्टीवर.

टाक रोज धुतला जातो, पुसला जातो, रांगोळीनं नाही तर राखेनं घासला जातो, सणावाराला पंचामृतानं न्हातो. अंगठा दरवेळी एकाच जागी फिरतो. दोन-तीन पिढ्या गेल्या की नाक सपाट होतं, डोळे नुसते उंचवटे उरतात, माळेचे मणी एकमेकांत विरघळतात. म्हाळसेचा चेहरा तर कधी नुसता गोळा होऊन राहतो. ही झीज आंधळी नसते. जे सगळ्यात उंच ते आधी जातं, आणि हात जिथं जास्त पोचतो ते आधी जातं. खोलगट भाग, उदाहरणार्थ घोड्याच्या पायांमधली जागा, प्रभावळीच्या आतली कड, हे मूळच्यासारखं टोकदार राहतं.

म्हणजे चित्र तपासायची एक कसोटी तुमच्या हाती आली. चित्रात नाक, मिशी, बुबुळं धारदार आहेत, पण घोड्याच्या खुराजवळची आतली नक्षी मात्र पुसट दाखवली आहे, असं दिसलं तर गणित उलटं आहे. धातू तसा झिजत नाही. चित्रकारानं तोंड मनानं भरलं आणि खूर कंटाळा करून सोडला. उलट तोंडाच्या जागी नुसती मोकळी गोलाई, पाचसहा ठिपके, आणि प्रभावळीच्या आतल्या कडेला एकेक पाकळी मोजून काढलेली, असं दिसलं तर त्या माणसानं समोर आहे तेच काढलंय.

घरच्यांना असं चित्र दाखवलं की हमखास ऐकू येतं, 'अगं बाई, डोळंच काढलं न्हाईत की देवाला!' आणि मग चित्रकारावर दबाव येतो. पूजेसाठी देवाला डोळे हवेत, हे मला कळतं, त्यात चूक काहीच नाही. पण त्यासाठी दोन कागद करावेत. एकावर आज आहे तसा टाक. दुसऱ्यावर 'मूळचा असा असावा' म्हणून पुरं केलेलं चित्र, आणि त्यात अंदाजाचा भाग तुटक रेघेनं. दोन्ही एकाच कागदावर, एकाच जाडीच्या रेघेत मिसळले की पुढच्या बघणाऱ्याला काय खरं आणि काय भर हे कधीच कळणार नाही. भांडी जोडणारे पुरातत्त्वाचे चित्रकार हरवलेला काठ तुटक रेघेनंच दाखवतात. घरच्या देवाला तेवढाच प्रामाणिकपणा का नको?

झिजेवरून आणखीही काही वाचता येतं. टाकाचा खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त गुळगुळीत असेल तर तो पुसताना कसा धरला जायचा याचा अंदाज येतो. एका बाजूला लांब सरळ ओरखडे असतील तर कधी तरी कडक घासणी वापरली गेलीय. चित्रकारानं ओरखडे दाखवलेत की 'घाण' म्हणून पुसलेत, हे बघा. ओरखडा ही घाण नव्हे. तोही टाकाचाच भाग झालाय आता.

७. घोडा चुकलेला नाही

टाकावरचा घोडा बाजूनं दिसतो आणि त्यावर बसलेला देव मात्र समोर तोंड करून बघतो. धड घोड्याच्या दिशेला, चेहरा आपल्याकडे. देवाची उंची घोड्याएवढी. मान आखूड, पाय काठीसारखे. चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या हाताला हे बघवत नाही. बेळगावात तर कलामहर्षी के. बी. कुलकर्णींनी हुबेहूब चित्रणाची शिस्त पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताला लावून दिलेली, त्यामुळे इथल्या हाताला प्रमाण बिघडलेलं चटकन खटकतं. मग नकळत घोड्याची मान लांब होते, पाय कमावलेले होतात, देव थोडा लहान होतो. चित्र सुंदर होतं आणि टाक हरवतो.

कारागिराला घोडा यायचा नाही असं नव्हे. दर्शन समोरासमोर घ्यायचं असतं, नजरेला नजर द्यायची असते, म्हणून देव वळलेला. आणि देव मोठा, वाहन लहान, हा हिशेब मानाचा आहे, मापाचा नाही. म्हणून चित्रात घोडा फारच देखणा दिसला तर पहिल्या पायरीवरची पट्टी परत काढा, आणि मूळ टाकाच्या फोटोवर देवाच्या उंचीला घोड्याच्या उंचीनं भागा. तोच भागाकार चित्रात येतो का बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि वाद मिटतात.

८. तलवार डाव्या हातात?

कधी चित्रात देवाच्या डाव्या हातात तलवार दिसते आणि लोक 'चूक, चूक' म्हणून ओरडतात. घाई करू नका. तीन शक्यता असतात. फोटो उलटा छापला गेला असेल. ट्रेसिंग कागद उलट्या बाजूनं वापरला असेल. हे फार होतं. किंवा चित्र टाकाचं नसून ठशाचं असेल. आत कोरलेल्या ठशात पत्रा ठोकून बसवला की प्रतिमा आरशासारखी पालटते, म्हणून असा ठसा मुळात उलटाच कोरावा लागतो. त्याचं चित्र असेल तर तलवार डाव्या हातातच हवी, आणि ती उजव्या हातात दिसली तर ती चूक!

ओळखायची खूण: ठशाच्या चित्रात उठाव आत गेलेला असणार. म्हणजे दुसऱ्या पायरीवरची उजेडाची परीक्षा इथं कामी येते.

९. चित्र घेऊन देवघरापर्यंत

शेवटी चित्र टाकाशेजारी ठेवून बघायचंच असतं, नाही तर वरचं सगळं तोंडपाठ करून उपयोग नाही. पण दुसऱ्याच्या घरचे टाक म्हणजे संग्रहालयातली काचेची पेटी नव्हे. आधी विचारा, आणि घरातल्या थोरल्या बाईमाणसाला विचारा, कारण देव्हारा बहुतेक वेळा तिच्याच हातात असतो. 'लांबनं बघ बाबा, हात नको लावूस' असं उत्तर आलं तर लांबूनच बघा. नवरात्रात देव पानावर बसलेले असताना उचलायला सांगूच नका, उठेपर्यंत थांबा. पूजेनंतर टाक पुसायच्या वेळी गेलात तर बघायला सगळ्यात बरं. नुकतंच पाणी निथळलेलं असतं, कुंकू अजून लावलेलं नसतं, खोल-उंच नीट दिसतं. फोटो काढायची परवानगी मिळाली तर आडव्या उजेडात, टाकाशेजारी पट्टी ठेवून काढा, आणि तो पुढं पाठवायचा की नाही हेही त्याच वेळी विचारून घ्या. घरच्या देवाची जागा, घराचा पत्ता असलं काही चित्रावर लिहायचं नाही. चांदीची वस्तू आहे ती.

कुणाच्या घरी जायचा संकोच वाटत असेल तर चित्र घेऊन सोनाराच्या दुकानात जा. तिथं नवे टाक ओळीनं मांडलेले असतात आणि सवडीची वेळ असेल तर हातात घेऊन बघू देतात. नव्या टाकावर नाक-डोळे जागच्या जागी असल्यानं झीज म्हणजे काय हे उलट्या बाजूनं कळतं. पुण्याला जाणं झालं तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, घरगुती धातूकाम बघून घ्या. धातूवर हात फिरून फिरून काय होतं हे तिथं एका दिवसात डोळ्यात भरतं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. भाऊ वेगळे निघाले, घरात लग्न झालं, टाकाला भोक पडलं, की नवे टाक करायला टाकतात. जुना टाक कधी पाण्यात सोडतात, कधी त्याच चांदीत भर घालून नवा घडतो. नवा देव मग मंगसुळीच्या खंडोबाला, सौंदत्तीला, जोतिबाला नेऊन भेटवून आणतात. जुन्या घरातलं वळण मात्र त्या मुशीत जातं, कारण सोनाराकडे असतो तो त्याचा ठसा, तुमच्या पणजीच्या देवाचा नव्हे. अशा वेळी काढलेलं चित्र कपाटात ठेवायचं नसतं. ते सोनाराकडे न्यायचं. त्याला समोरचं चित्र, कडेची चिंचोळी आकृती आणि मापं, एवढी तिन्ही लागतात. नुसत्या सुंदर समोरच्या चित्रावर तो उठाव किती ठेवायचा हे ठरवू शकत नाही. म्हाळसा पुढं की मागं, कुत्रं कुठल्या बाजूला, सूर्य डावीकडे की उजवीकडे, हे बोटानं दाखवून सांगा. घडणावळ नेहमीपेक्षा जास्त पडेल, ती आधीच बोलून घ्या. आणि चित्रात तोंड कोरं असेल तर तिथं काय करायचं ते सोनारावर सोडा. डोळे द्यायचं काम त्याचंच आहे.